केसभर पोकळी

१२ जानेवारी

प्रिय वन्सं,

माझं पत्र बघून घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: घरी सगळे ठणठणीत आहेत. तुमचे दादा कंबर धरून का होईना, पण रोज भट्टीवर जातात आणि रोज कोणावर तरी ओरडून घरी येतात. म्हणजे तब्येत उत्तम.

फोन केला नाही, कारण घरातला फोन ह्यांच्या खिशात असतो आणि माझा आवाज तीन खोल्यांपलीकडे जातो. हे पत्र ह्यांना माहीत नाही. माहीत होऊ द्यायचंही नाही.

गोष्ट अशी. इनॅमलवाली एक मोठी कंपनी आपल्या दारात आली आहे. त्यांचं म्हणणं, तुम्ही बिडाची भांडी नुसती ओता, आणि साच्यातून निघाली की तशीच खडबडीत आमच्याकडे पाठवा. घासणं, रंग, चमक, सगळं आम्ही बघू. जूनमध्ये त्यांची माणसं कागद घेऊन येणार. भट्टी चालू राहील, हे खरं. पण मागची शेड बंद. घासायचं नाही, तेल मुरवायचं नाही, मग शेडमध्ये बसून करायचं काय? लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला स्वयंपाकघराच्या आधी ती शेड दाखवली होती. आज तिथे ज्या बायका काम करतात, त्यांना मी एकेकीला हाताला धरून शिकवलंय. त्यांना कोणत्या तोंडाने घरी पाठवू?

ह्यांना विचारलं, असं अचानक का? तर छताकडे बघत म्हणाले, "काळ्या लोखंडाला आता कोणी विचारत नाही. चमक हवी लोकांना." वाक्य ओळखीचं वाटलं ना? तुम्हीच जाताना भरल्या ताटावर ह्यांना ऐकवलं होतंत. सात वर्षं तुम्ही बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाही, पण वाक्य मात्र ह्यांनी जिवापाड जपलंय.

तुम्ही तिकडे समुद्रापलीकडे भांड्यांच्याच दुकानात आहात. एवढंच सांगा, आपल्या शेडमधून निघालेला तवा तिकडे कोणी घेईल का? कसा केला तर घेईल? जूनच्या आत हातात ऑर्डर असली तर मी ह्यांच्यासमोर उभी राहीन. नुसत्या रडण्याने हे विरघळत नाहीत, ते तुम्हाला मी काय सांगणार!

तुमची,
वहिनी

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्याच वाचलं. आधी हसले, मग तिथेच खाली बसले. त्या दिवशी जेवताना मी दादाला शंभर गोष्टी बोलले असेन. "तू फार राबतोस, जरा बस" हेही बोलले होते. ते नाही लक्षात राहिलं! राहिलं तर नेमकं तेवढंच वाक्य राहिलं.

आता कामाचं. वहिनी, तू विचारतेस, तवा कसा केला तर लोक घेतील. पण इथे "लोक" असे एक नाहीत. आमची मालकीणबाई तीन ठिकाणच्या दुकानांना माल पुरवते आणि तिन्हीकडच्या गिऱ्हाइकांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही.

एक शहरातले. उंच इमारती, छोटी स्वयंपाकघरं, आणि शेगडी काचेची, पाटीसारखी सपाट. खडबडीत तवा ठेवला की काचेवर ओरखडा उठतो. ही माणसं तवा घेण्याआधी त्यावरून तळहात फिरवतात, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. हाताला काही लागलं की ठेवून देतात. त्यांना आतून गुळगुळीत आणि खालून सपाट हवा.

दुसरे डोंगराकडचे. लाकडाच्या जाळावर स्वयंपाक. ते तवा बोटाने वाजवून बघतात, वजन तोलतात आणि चकचकीत काही दिसलं की नाक मुरडतात. "हा नटवा तवा कामाला नाही," असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. त्यांना जाड, काळा, खरखरीत आणि आधीच तेल पिऊन तयार असलेला हवा.

तिसरे समुद्रकाठचे. हवा इतकी खारट की सकाळी धुतलेला तवा संध्याकाळपर्यंत तांबडा होतो. ते इनॅमलच मागतात आणि त्यांचं चुकत नाही.

तेव्हा तिसऱ्यांचा नाद सोड. शहरवाल्यांसाठी थोडे आणि डोंगरवाल्यांसाठी थोडे तवे करून पाठव. मालकीणबाई कडक आहे, कौतुक करायला तिला पैसे पडतात, पण दुकानात माझा शब्द चालतो. काळजी करू नकोस.

दादाची कंबर फार दुखते का? मी विचारलं असं सांगू नकोस. नुसतं कळव.

तुझीच,
नणंद

११ मार्च

प्रिय वन्सं,

खोकं आजच बोटीने निघालं. डोंगरवाल्यांच्या तव्यांना फार काही करावंच लागलं नाही. ते साच्यातून निघतानाच रागावलेले दिसतात, तसेच त्यांना हवेत म्हणालात. कडा घासल्या, तेल लावून भट्टीत ठेवले, पुन्हा लावले, पुन्हा ठेवले.

खरी मजा शहरवाल्यांच्या तव्यांची. शेडमध्ये मी सांगितलं, आतून असा गुळगुळीत झाला पाहिजे की हात घसरला पाहिजे. आपल्या शेडचा नियम तुम्हाला आठवत असेल. काम झालं की नाही हे बघायचं तर भांड्यात वाकून हसायचं. दात मोजता आले तर झालं. पूर्वी हे फक्त झाकणांच्या मुठींना करायचो. या वेळी अख्ख्या तव्यांना केलं. बायका दिवसभर तव्यांत बघून हसत होत्या. हे भट्टीकडून आले, दारात उभे राहून बघत बसले आणि म्हणाले, "सगळ्यांना वेड लागलंय का?" मी म्हटलं, गमतीत चाललंय. गमतीत कोणी एवढं घासतं का, पण ह्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

कंबर दुखते. पट्टा लावतात आणि लावलाय हे लपवतात. भांडी कातायच्या लेथवर उभं राहणं तर कधीच सोडलंय.

मालकीणबाईंना म्हणावं, तवा बघताना आधी केस विंचरून घ्या.

तुमची,
वहिनी

९ एप्रिल

प्रिय वहिनी,

कागद खोक्यातला आहे, माफ कर. हाताशी हाच होता.

चांगली बातमी आधी सांगते. डोंगरवाल्यांचे तवे मालकीणबाईने वाजवून बघितले आणि "हं" म्हणाली. तिचं "हं" म्हणजे पसंती. पण शहरवाल्यांचे तवे फसले. चार भिंतींत फसले असते तर चाललं असतं, दुकानभर गिऱ्हाइकांसमोर फसले.

झालं असं. दुपारी गर्दी होती. मी काचेची शेगडी मांडली, तुझा तवा ठेवला. काय दिसत होता, वहिनी! एक बाई तर खरंच त्यात बघून केस मागे सारत होती. मी अंडं फोडून टाकलं. ते असं सरकलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश होऊन उलथनं लावलं, तर तवा फिरला. गरगर. खालून मधोमध फुगलेला होता, तापल्यावर आणखी फुगला आणि काचेवर त्या एका टेकूवर फिरायला लागला. दादा मला लहानपणी भोवरा म्हणायचा, एका जागी ठरत नाही म्हणून. त्या दिवशी मी खांबासारखी उभी आणि तवा फिरतोय. मी दांडी घट्ट धरली, तोवर अंड्यावर काळे पापुद्रे आले. तुम्ही मुरवलेलं तेल सुटून येत होतं, जुन्या भिंतीचा रंग सुटतो तसं. आरशासारख्या लोखंडाला तेल धरायला जागाच उरली नव्हती.

गिऱ्हाइकं हसत हसत पांगली. मालकीणबाई हसली नाही. म्हणाली, दिसतं सुंदर, पण आम्ही आरसे विकत नाही.

तरी ती "पुन्हा आणूच नका" असं म्हणाली नाही. मी दोनदा विचारून खात्री केली. घासण्याचं कसब आहे तुमच्याकडे, फक्त जास्त झालं. आणि तळ बघायला हवा. जूनपर्यंत वेळ आहे. शेडमधल्या बायकांना एवढंच सांग की टाळ्या खऱ्या होत्या.

तुझीच,
नणंद

२ मे

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचून एक दिवस मी शेडमध्ये गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी गेले आणि सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं. तवा फिरला तिथे सगळ्या हसल्या, पापुद्र्यांपाशी आपापल्या हातांकडे बघू लागल्या. टाळ्यांचं शेवटी वाचलं.

पुढे जे घडलं ते आमच्या हुशारीने घडलं असं म्हणायची सोय नाही. जास्त झालं म्हणालात तरी सवयीने पुन्हा आरसाच करत होतो, तेवढ्यात ग्राइंडरचा पट्टा तुटला. एक तवा अर्धाच आरसा झालेला, अर्धा बाकी. नवा पट्टा येईपर्यंत थांबायचा धीर नव्हता, म्हणून उरलेला अर्धा भाग मी हाताने जाड पॉलिश पेपरने गोल गोल घासला. हाताला मऊ लागत होता, पण दात काही दिसेनात. चिडून तसाच तेल लावून भट्टीत टाकला. बाहेर काढून उलथन्याने खरवडून बघितलं तर आरशाच्या बाजूचं तेल सालीसारखं निघालं आणि माझ्या बाजूचं हलेना. पुन्हा खरवडलं. हलेना! मी एवढ्यांदा ओरडले की भट्टीवरून माणसं धावत आली. कोणाला तरी भाजलं असं त्यांना वाटलं.

आता सगळे तवे असेच केलेत. आधी गुळगुळीत, मग वरून हाताने बारीक खरवड, तेल लावायचं आणि लावलंच नाही असं वाटेपर्यंत पुसायचं, मग पालथा घालून तापवायचा. दातांचा नियम बंद केला. आता डोळे मिटून तळहात फिरवायचा, तुमच्या शहरवाल्यांसारखा.

तळाचं मला कळत नाही. लेथवाल्याला गुपचूप सांगितलं, खालून सपाट घे. तो म्हणाला, लेथ थोडी बिघडलीय, चार दिवस द्या. नेमकं त्याच दिवसांत ह्यांनी सुट्टीच्या दिवशीही भट्टीवर जायचं काढलं. म्हणतात, जुनी लेथ आवाज करते, दुरुस्त करतोय. कंबरेत वाकता येत नाही आणि लेथ दुरुस्त करतायत! माझा माल ह्यांच्या नजरेस पडू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. पडला नाही. तळ होऊन आले, खोकं या पत्रासोबतच निघतंय.

आता एक विचारते. काउंटरवर उभ्या राहणाऱ्या माणसाला खोक्यातल्या कागदावर पत्र लिहायची वेळ का येते? त्या फजितीनंतर मालकीणबाईंनी तुम्हाला कुठे बसवलंय? माझ्यामुळे तुमचं काही बिघडलं असेल तर सांगा. लपवण्यात तुम्ही दोघं बहीणभाऊ सारखेच.

कंपनीची माणसं जूनच्या मध्यावर येणार.

तुमची,
वहिनी

३० मे

प्रिय वहिनी,

तुझ्यापासून काही लपत नाही. हो, मला तळघरात बसवलं होतं, खोकी फोडायला आणि बांधायला. "होतं" म्हणतेय, कारण आज वर आले.

तुझं खोकं मीच तळघरात फोडलं. पहिला तवा हातात घेतला, डोळे मिटून आतून हात फिरवला. मऊ, पण जिवंत. मग सवयीने उलटा केला. काय वाटलं कोणास ठाऊक, भिंतीवरची पोलादी पट्टी काढली आणि तळावर आडवी धरली, दिव्याकडे तोंड करून.

वहिनी, पट्टीखाली मधोमध उजेड दिसला. धाग्याएवढा. कडांना पट्टी टेकलेली आणि मध्ये केसभर पोकळी. दुसरा तवा घेतला, तोच उजेड. सगळ्यांना तोच.

तू लेथवाल्याला सपाट घ्यायला सांगितलंस ना? सपाट घेतलेला तवा तापला की पोट पुढे काढतो. तो तापल्यावर सपाट व्हावा म्हणून थंड असताना केसभर आत घ्यावा लागतो. पूर्वी पत्र्याच्या सपाट शेगड्या होत्या तेव्हा बाबा असे तळ काढायचे. त्यांनी ते आम्हा दोघांनाच शिकवलं, आणि लेथवर माझा हात कधी बसला नाही. लेथवाल्याला हे माहीतही नाही. जगात एकच माणूस असा तळ काढतो आणि त्याच्या कंबरेला पट्टा आहे.

तू कसला पहारा दिलास, वहिनी? मी तळघरात जमिनीवर बसून रडले. तव्यावर पाणी पडू नये म्हणून तो आधी बाजूला ठेवला, एवढं भान होतं.

मग तवा घेऊन वर गेले आणि मालकीणबाईच्या पुढ्यातच काचेवर ठेवला. तिने कडेवर बोट दाबून बघितलं, डुगडुगला नाही. तापवला, पुन्हा दाबलं. उलथन्याने खरवडलं, माझ्याहून जोरात. अंडं तिने स्वतः फोडलं आणि स्वतःच खाल्लं. खाऊन झाल्यावर म्हणाली, "हे कोण करतं?" मी म्हटलं, माझी वहिनी आणि माझा भाऊ.

ऑर्डरचा कागद सोबत आहे. शहरवाल्यांसाठी आणि डोंगरवाल्यांसाठी, दर महिन्याला. डोंगराकडची दुकानं तर "ते रागावलेले तवे" अजून मागतायत. तुझा शब्द मी तिथेही वापरला.

कागद दादासमोर ठेव. लपवू नकोस, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुझीच,
नणंद

१७ जून

भोवऱ्या,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका काढू नकोस.

कंपनीची माणसं काल आली. मी त्यांच्यापुढे तुझ्या मालकीणबाईचा कागद ठेवला आणि सांगितलं, समुद्रकाठच्या लोकांसाठी लागेल तेवढा कच्चा माल घ्या, त्यावर इनॅमल तुम्हीच चढवा, ते तुमचं काम आहे. बाकी माल आमच्या शेडमधूनच बाहेर पडेल. ती माणसं गाल फुगवून बसली. सगळा माल मिळणार नसेल तर विचार करावा लागेल, म्हणाली. मी म्हटलं, करा. तुझी वहिनी दाराआड उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मला येत होता, त्यांनाही येत असणार. शेवटी तेवढ्यावर सही झाली.

शेड चालू राहते. एक नवा माणूस लेथवर ठेवलाय, त्याला तळ काढायला शिकवतोय. हात चांगला आहे, पण घाई करतो. तुझ्यासारखाच.

तू म्हणाली होतीस काळ्या लोखंडाला कोणी विचारत नाही. मी सात वर्षं त्यावर विचार केला. शेवटी वाटलं, असेल तिचं खरं. सही करायची आणि मग तुला कळवायचं, तुझ्या मनासारखं झालं, आता ये. सगळा माल त्यांना द्यायला निघालो होतो तो एवढ्यासाठी. मग तुझं पत्र वाचलं, तवा फिरला ते. मी इतका हसलो की कंबर धरून बसलो. आणि मग लेथ उघडली.

पत्रं कशी वाचली ते वहिनीला विचारू नकोस. अख्ख्या घरात तुझी पत्रं लपवायला तिला माझ्या चष्म्याचा खणच सापडला. चष्मा मला रोज लागतो.

कंबर बरी आहे. ऑर्डर नसली तरी तू यायला हवं होतंस. आता ऑर्डरचं निमित्त आहे, तर माल बघायला म्हणून ये.

दादा

ता. क. — वन्सं, ह्यांनी पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी घुसवते. तुम्ही पहाऱ्यावरून मला एवढं हसलात. कपाटं काय कमी आहेत का घरात? तो खण मी पहिल्याच दिवशी ठरवला होता. तुमच्या खोलीची खिडकी आज घासून घेतलीय. कधी येताय ते ह्यांना कळवा, मला नको.